आधी टिंब, मग रेघ

सिद्रामप्पा अण्णांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांचे ओठ जांभळे होते. मला वाटलं, माणसाला काळजाचा विकार असावा. घाबरून हेडक्लार्कना विचारलं, तर ते म्हणाले, "काळीज ठणठणीत आहे हो त्यांचं. कॉपिंग पेन्सिल, ती जांभळी, ओली केली की शाईसारखी उमटते, ती चाटतात ते. तारमास्तर होते तेव्हापासून चाटताहेत, आता रंग बसलाय कायमचा." पुढं सहा वर्षं मी त्या ओठांशेजारी बसून चाकरी केली.

गोष्ट एकोणीसशे तिसाच्या आगेमागेची आहे. रेल्वेत कंट्रोल, म्हणजे एका खोलीत बसून टेलिफोनवरून साऱ्या गाड्या हलवायच्या, ही भानगड तेव्हा नवी होती. सोलापूर स्टेशनाच्या अंगाला एक दगडी इमारत, तिच्या माडीवर एक लांबट खोली, खोलीत उतरतं मेज आणि मेजावर धोतराएवढा लांब कागद, म्हणजे चार्ट, ताणून बसवलेला. कागदापुढं कानाला टेलिफोन लावून अण्णा. मी त्यांच्या डाव्या हाताला, मदतनीस कारकून. वय अठ्ठावीस, पदरात दोन पोरं, आणि आपल्याला सगळं येतं अशी खात्री. माझ्याविषयी एवढं पुरे.

अण्णा बुटके आणि रुंद होते. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, डोक्याला पांढरा रुमाल, बंद गळ्याचा कोट. घरी कानडी, आमच्याशी सोलापुरी मराठी आणि साहेबाशी इंग्रजी. रागावले की तिन्ही एकदम बाहेर पडायच्या आणि मग काय बोलले ते त्यांचं त्यांनाही उमगत नसे.

पहिल्या दिवशी तो कागद मी पाहिला आणि डोकं धरून बसलो. लाल, निळ्या, काळ्या, हिरव्या रेघांचा नुसता गुंता. अण्णांनी माझं तोंड पाहिलं आणि हसले.

"नोडरी, बगा बापूराव, घाबरायचं न्हाय. ही सगळ्यात खालची आडवी रेघ म्हणजे आपलं सोलापूर. वर चढत जावा. मोहोळ, माढा, कुर्डुवाडी, केम, जेऊर, पार वर दौंड. आणि डावीकडनं उजवीकडं वेळ चाललीय. गाडी निघाली की तिची रेघ तिरकी जाणार. जोरात पळती ती उभी चढती, रेंगाळती ती लोळत जाती. थांबली की आडवी. झालं. आगगाडी कळाली तुमाला."

"आणि रंग?"

"मेल लाल. पॅसेंजर निळी. मालगाडी काळी. खडीची, जत्रंची, साहेबाच्या डब्याची, असली उपरी सगळी हिरवी."

मग त्यांनी एक जागा दाखवली. तिथं निळी वर चढत होती, काळी खाली उतरत होती आणि दोघींची फुली पडली होती.

"रूळ एकच हाय. समोरासमोरून दोन गाड्या आल्या की फुली पडणार. फुली ठेसनाच्या रेघेवर पडली तर क्रॉसिंग, एकीनं बाजूला उभं राहायचं, दुसरीनं जायचं. आणि दोन ठेसनांच्या मधी पडली तर..." अण्णा थांबले. "मधी पडू द्यायची न्हाय. त्याचाच पगार देतेत आपल्याला."

सकाळी सहाला दिवसपाळी सुरू व्हायची. मिलचा भोंगा झाला की अण्णा कोटाच्या खिशातून चाकू काढून चारही पेन्सिलींना टोक करायचे. टोक गालाला लावून बघायचे. टोचलं तर पास. आणि मग रोज, अगदी रोज, एखाद्या मंत्रासारखं मला ऐकवायचे, "आधी टिंब, मग रेघ." म्हणजे काय, तर स्टेशनमास्तरनं टेलिफोनवर गाडीची वेळ सांगायची, आपण ती शब्दन्‌शब्द परत म्हणून दाखवायची, आणि मगच त्या स्टेशनाच्या रेघेवर पेन्सिल टेकून टिंब द्यायचं. दुसऱ्या स्टेशनाचं टिंब आलं की दोन्ही जोडायची. "कानानं ऐकलं की टिंब. टिंबाशिवाय रेघ म्हणजे बिनलग्नाची वरात." असं म्हणून स्वतःच खूश व्हायचे.

त्यांच्याकडं रबर नव्हता. ऑफिसानं दिलेला रबर त्यांनी पहिल्याच आठवड्यात शिपायाच्या मुलीला खेळायला देऊन टाकला होता. "खिशात रबर घेऊन बसलेला माणूस चुकायच्या तयारीनंच बसलेला असतो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. चूक झालीच तर रेघ दोन बारीक काटांनी तोडायची आणि कागदाच्या कडेला कॉपिंग पेन्सिलीनं कारण लिहायचं. ते लिहिलेलं पुसलं जात नाही. पण अशा काटा त्यांच्या कागदावर मी वर्षात दोन-तीनच पाहिल्या असतील.

रेघेवरून ते ड्रायव्हर ओळखायचे. "ही काळी कुर्डुवाडीच्या पुढं वाकलीय बगा. इब्राहिम असणार. चढावर कोळसा वाचवतोय." मी मुद्दाम खाली जाऊन विचारून यायचो, तर इब्राहिमच असायचा. स्टेशनमास्तरांना मात्र ते आवाजावरून ओळखत. चाळीस-पन्नास माणसं रोज त्यांच्या कानात बोलत, आणि त्यातल्या बहुतेकांचं तोंड त्यांनी जन्मात पाहिलेलं नव्हतं. कुणाला सर्दी झालीय, कुणाच्या घरी पाहुणे आलेत, कुणाचं बायकोशी वाजलंय, हे त्यांना आवाजात कळायचं. "माढ्याच्या मास्तरचं पोरगं पास झालं वाटतं, आज लई गोड बोलतोय," असं आपलं आपल्याशी म्हणायचे.

घरीही त्यांचं तेच. बायकोला, म्हणजे गौराक्कांना, एकदा हिवतापानं धरलं. महिना झाला, ताप येई, जाई, परत येई. अण्णांनी दवाखान्याच्या चिठ्ठ्या ठेवल्या बाजूला आणि स्वयंपाकघराच्या दारामागं खडूनं चौकटी आखल्या. रोज दर दोन तासांनी अक्कांच्या कपाळाला हात लावायचा आणि टिंब द्यायचं. ही दिवसपाळी आम्ही ऑफिसात असताना शेजारीण करायची, तिलाही शिकवून ठेवलं होतं. बाराव्या दिवशी त्यांनी डॉक्टरला हाताला धरून त्या दारामागं नेलं. मीही सोबत होतो.

"डॉक्टरसाब, नोडरी. हिची गाडी एक दिवसाआड येती. दुपारी दोनला सुटती, चारला वर पोचती, रात्री आठला उतरती. तुमी औषध देताय ताप चढल्यावर. म्हणजे मेल गेल्यावर सिग्नल पाडताय."

डॉक्टर वाकून टिंबं मोजायला लागले. मग म्हणाले, "उद्यापासून कोयनेल दुपारी बाराला द्या." पाच-सहा दिवसांत अक्का उठून भाकऱ्या थापायला लागल्या. आम्हाला शेंगाचटणी वाढताना म्हणाल्या, "बगा की हो बापूराव, मी काय आगगाडी हाय का? दुसऱ्याची बायको आजारी पडली तर नवरा पाय चेपतो. आमचे हे रेघा मारतेत." पण तो खडू त्यांनी पुसला नाही. दिवाळीत घर सारवलं, रंगवलं, तरी दारामागची तेवढी जागा तशीच ठेवली होती.

आता ज्या माणसामुळं हे सगळं लिहायला बसलो त्याच्याकडं येतो. केमच्या पलीकडं एक लहान स्टेशन होतं. नाव सांगत नाही, नातवंडं आहेत लोकांची. तिथले मास्तर नारायणराव. आम्ही नारायण मास्तर म्हणायचो. जाड, सावकाश आवाज, एकेक आकडा ठेवून दिल्यासारखा बोलायचे. अण्णांचा त्यांच्यावर जीव होता. "ह्या माणसाचं एकदा ऐकलं की परत विचारायला लागत न्हाय," म्हणायचे.

एका उन्हाळ्यात दुपारची मालगाडी रोज उशिरा यायला लागली. साहेब नवा होता, गोरा, तरुण, आकड्यांचा नादी. त्यानं तीन कारकून बसवून महिनाभर कोष्टकं करवली. आकड्यांची रासच्या रास झाली आणि घोडं कुठं पेंड खातंय ते काही कळेना. शेवटी हेडक्लार्क अण्णांना घेऊन साहेबाच्या खोलीत गेले. अण्णांनी काय केलं, तर आठ दिवसांचे चार्ट एकावर एक ठेवले आणि खिडकीच्या काचेला धरले. कागद पातळ, उजेड आरपार. आठही काळ्या रेघा वेगवेगळ्या वेळी निघाल्या होत्या, वेगवेगळ्या तिरक्या होत्या, पण नारायण मास्तरांच्या स्टेशनावर सगळ्या आडव्या होऊन एकमेकींवर पडल्या होत्या. सव्वाबारा ते एक.

"पाणी इथं मुरतंय, सर," अण्णा इंग्रजीत म्हणाले. आणि खरंच ते पाणीच निघालं. मास्तरांना विचारलं तर ते म्हणाले, "अहो अण्णा, इंजिन इथं पाणी घेतं. पंपवाला मळ्यात राहतो, दीड मैलावर. दुपारी भाकरी खायला घरी जातो. तो आल्याशिवाय टाकीत पाणी चढत नाही."

हेडक्लार्क म्हणाले, दंड करा त्याला. अण्णांनी मान हलवली. "भाकरी बंद करायची न्हाय हो. भाकरी हिकडं आणवायची." मास्तरांनी पंपवाल्याच्या बायकोला निरोप दिला, ती टाकीपाशी भाकरी घेऊन यायला लागली, आणि तिसऱ्या दिवशी ती काळी रेघ ताठ उभी राहिली. मास्तरांनी पंपवाल्याच्या हातात टेलिफोन दिला तेव्हा तो अण्णांना म्हणाला, "साहेब, तुमी हितं न येता कसं वळखलं वो?" अण्णा दिवसभर ते वाक्य सगळ्यांना सांगत होते.

साहेबानं वरच्या ऑफिसला लिहिलं. मुंबईहून दोन अधिकारी अण्णांचा चार्ट बघायला आले. आम्हीही कौतुक करून करून त्यांना पार वर चढवलं. आज वाटतं, थोडं कमी केलं असतं तर बरं झालं असतं.

कारण तिथूनच त्यांना ती खोड लागली. गाडी केमहून निघाली की पुढच्या स्टेशनाला ती किती वाजता पोचणार हे अण्णांना इतकं ठाऊक असायचं, की टेलिफोन यायच्या आतच ते रेघ ओढून ठेवायचे. मागून मास्तर वेळ सांगायचे आणि ती बरोब्बर निघायची. आम्ही तोंडात बोटं घालायचो. अण्णा भुवया उडवून माझ्याकडं बघायचे. 'आधी टिंब' म्हणणारा माणूस आधी रेघ मारतोय, हे मला दिसत होतं. मी बोललो नाही. एक तर ते मोठे, आणि दुसरं म्हणजे मला ती जादू आवडत होती.

वैशाखातला दिवस. दुपारी साडेबाराच्या सुमाराला एक मालगाडी सोलापूरकडं येत होती आणि तिच्या मागून मेल. मालगाडीनं नारायण मास्तरांच्या स्टेशनातून बारा चाळीसला निघून केमला बाजूला लागायचं आणि मेलला वाट द्यायची, असा बेत. अण्णांनी काळी रेघ केमपर्यंत ओढून ठेवली आणि ते मोहोळच्या मास्तरशी बोलायला लागले, तिथं दुसरंच काही अडलं होतं. इतक्यात टेलिफोनवर नारायण मास्तर आले. मला पलीकडचं ऐकू येत नव्हतं, टेलिफोन अण्णांच्या कानाला. मी एवढंच ऐकलं, "हां हां मास्तर, मालगाडी. गेली, कळालं." आणि त्यांनी बटण फिरवून परत मोहोळ धरलं. मास्तरांचं बोलणं त्यांनी परत म्हणून दाखवलं नाही.

मालगाडी गेलीच नव्हती. तिच्या एका डब्याच्या चाकाची धुरी, म्हणजे आस, तापून धूर यायला लागला होता आणि गाडी तिथं मुख्य रुळावरच अडकली होती. वाट मोकळी समजून पुढं सोडलेली मेल मागच्या एका उजाड स्टेशनावर येऊन थांबली. तिथं ना सावली, ना पाणी. ती तासाच्या वर उन्हात उभी राहिली, एक म्हातारी चक्कर येऊन पडली, आणि नेमका मुंबईचा एक बडा साहेब पहिल्या वर्गात होता. अर्ध्या तासानं अण्णांनी मास्तरांना विचारलं, मेलला वाट का देत नाही. मास्तर म्हणाले, मगाशीच सांगितलं की मालगाडी उभी आहे, इंजिन पाठवा.

"सांगितलं न्हाय तुमी. गेली म्हणालात."

"अण्णा, मी असं म्हणालो नाही."

"मग माझी रेघ खोटी काय?"

एकाच वेळी तिघांशी शांतपणे बोलणारे अण्णा त्या दिवशी पहिल्यांदा टेलिफोनवर ओरडले. मग त्यांनी ती काळी रेघ दोन काटांनी तोडली आणि कडेला कॉपिंग पेन्सिलीनं लिहिलं, "मास्तरचा चुकीचा निरोप." त्यांना ते मनापासून खरं वाटत होतं, हे मी शपथेवर सांगतो.

चौकशी लागली. एक अधिकारी जाऊन मास्तरांची जबानी तिथंच घेऊन आला. मास्तरांच्या वहीत लिहिलेलं होतं की मालगाडी अडकली, कंट्रोलला कळवलं. पण वही काय, मागाहूनही लिहिता येते. कंट्रोलचा चार्ट त्या क्षणाला काढलेला असतो, आणि तोही सिद्रामप्पांचा. साऱ्या लाइनीत कुणाला विचारा, सिद्रामप्पांची रेघ कधी चुकत नाही. म्हणजे मास्तर खोटं बोलतोय, धुरी वेळेवर तपासली नाही ते झाकायला गाडी गेली असं त्यानं सांगितलं, हे जवळजवळ ठरलंच. मास्तरांना घरी बसवलं. नोकरी जाणार, क्वार्टर रिकामं करावं लागणार. घरात म्हातारी आई, बायको आणि शाळेत जाणारी दोन मुलं, असं गार्डाकडून कळलं.

चौकशीच्या निकालाच्या आदल्या दुपारी साहेबानं त्या दिवसाच्या चार्टची स्वच्छ नक्कल मागितली. अण्णा ती करायला बसले. मूळ चार्ट खाली, कोरा कागद वर. एकेक टिंब चाचपून वरच्या कागदावर द्यायचं आणि जोडायचं. मी पलीकडं बसून गाड्या बघत होतो. बराच वेळ पेन्सिलीचा आवाज आला नाही म्हणून मी वळून पाहिलं. अण्णांनी मूळ चार्ट उलटा केला होता आणि ते कागदाच्या पाठीवरून बोट फिरवत होते. परत परत, एकाच जागेवर.

"बापूराव, हितं बोट लावा."

मी लावलं. टोकदार पेन्सिल टेकल्यावर कागदाच्या पाठीवर बारीक फोड उठतो. मालगाडीच्या रेघेवर त्याआधीच्या प्रत्येक स्टेशनाला तो हाताला लागत होता. नारायण मास्तरांच्या स्टेशनावर कागद गुळगुळीत होता.

"टिंब न्हाय," अण्णा म्हणाले. "मी ऐकलंच न्हाय त्याचं. रेघ आधीच मारली होती, आणि रेघ गेली म्हणून गाडी गेली म्हणालो."

मी दार लोटलं आणि जे बोलू नये ते बोललो. म्हणालो, अण्णा, हे तुमच्याशिवाय कुणाला कळणार आहे? नक्कल करा, मूळ कागद रेकॉर्डात जाऊ द्या. मास्तरला फार तर कुठंतरी लांब टाकतील. तुमची पेन्शनला दोन-तीन वर्षं राहिली आहेत. तुमचं नाव आहे.

अण्णा माझ्यावर रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. मग म्हणाले, "तुमाला ठावं होतं न्हाय का, मी आधी मारतो ते?"

"होतं."

"मग सांगायचं की हो मला."

एवढंच बोलले. मला माझी इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नाही. ती अजून गेलेली नाही, म्हणून आज लिहितोय.

दुसऱ्या दिवशी साहेबासमोर अण्णा उभे राहिले. नक्कल त्यांनी केलीच नव्हती, मूळ चार्टच नेला होता. साहेबाला म्हणाले, बोट फिरवा. साहेबाला आधी काही समजेना. हेडक्लार्क मधे पडून म्हणाले, सर, उन्हाळ्यानं त्रास झालाय यांना, आज राहू दे. साहेबालाही तेच हवं होतं असं वाटतं. तो म्हणाला, "सिद्रामप्पा, विचार करून बोल. कागदावर तुझी रेघ स्पष्ट आहे."

"रेघ माझी आहे, सर. गाडीची नाही," अण्णा म्हणाले. "मास्तरनं खरं सांगितलं. मी ऐकलं नाही." मग त्यांनी साहेबाचा हात धरला. कारकुनानं गोऱ्या साहेबाचा हात धरणं त्या काळात केवढी मोठी गोष्ट होती, आता कुणाला सांगून पटणार नाही. त्यांनी ते बोट कागदाच्या पाठीवर त्या काळ्या रेघेमागून दौंडपासून खाली फिरवलं. त्या एका जागी साहेबाचं बोट थांबलं, परत मागं गेलं, परत आलं. मग साहेब खुर्चीवर बसला आणि त्यानं आम्हाला बाहेर जायला सांगितलं.

नारायण मास्तर कामावर परत आले. अण्णांची खुर्ची गेली. पगार उतरला आणि त्यांना खालच्या मजल्यावर रेकॉर्डच्या खोलीत टाकलं, जुने चार्ट बांधून कपाटात लावायला. त्यांच्या जागी मी बसायला लागलो. तो चार्ट बघायला आता कुणी मुंबईहून येत नव्हतं, माझ्या रेघा साध्याच होत्या. पण टिंबाशिवाय मी एकही मारली नाही. अक्का एकदा बाजारात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "घरी येळंवर येतेत आता. जेवतेत. बोलत मात्र कमी." मग पिशवी या हातातून त्या हातात घेत म्हणाल्या, "बरं केलं त्यांनी. मी काय म्हणाले न्हाय त्यांना."

अण्णांना एकच गोष्ट लागून राहिली होती. त्यांनी मास्तरांना पत्र लिहिलं, पॅसेंजरच्या गार्डाच्या हाती दिलं. उत्तर नाही. परत लिहिलं. उत्तर नाही. मास्तर आता टेलिफोनवर माझ्याशी बोलायचे. तोच जाड आवाज, गाडी आणि वेळ, बस्स. मी एकदा म्हणालो, "मास्तर, अण्णा तुमची फार आठवण काढतात." तिकडून आवाजच आला नाही. मला मास्तरांचा राग आला. एवढं करूनही माणूस विरघळत नाही म्हणजे काय? अण्णांना सांगितलं तर म्हणाले, "त्याच्या जागी बसून बगा, मग बोला."

अशी दीड-दोन वर्षं गेली. अण्णांची पेन्शन महिन्यावर आली. एका सकाळी मी आदल्या दिवसाचे चार्ट द्यायला रेकॉर्डच्या खोलीत गेलो होतो. अण्णा सुतळीनं गठ्ठा बांधत होते. दारात एक उंच, किडकिडीत माणूस येऊन उभा राहिला. काळी टोपी, हातात पत्र्याची पेटी.

"सिद्रामप्पा कोण?" त्यानं विचारलं, आणि अण्णांच्या हातातली सुतळी सुटली. तो आवाज आम्हा दोघांनाही ओळखावा लागला नाही.

"माझी वाडी जंक्शनकडं बदली झालीय," मास्तर उभ्या उभ्याच म्हणाले. "पॅसेंजर इथं तासभर थांबते. म्हणून आलो."

"बसा की, मास्तर."

मास्तर बसले नाहीत. "तुमची पत्रं मिळाली. नोकरी तुमच्यामुळं राहिली हे मला मान्य आहे. तुमच्यासारखं दुसऱ्या कुणी कबूल केलं नसतं, हेही मान्य आहे. पण माझा राग नोकरीचा नव्हता." त्यांनी पेटी खाली ठेवली. "रोज बोलत होतो मी तुमच्याशी, वर्षानुवर्षं. त्या दिवशी मी बोलत होतो आणि पलीकडं कुणी नव्हतंच. घरी बसवलं तेव्हा आई रोज विचारायची, नारायणा, खरंच सांगितलं होतंस का रे? बायको विचारायची नाही, पण तिच्या मनात असायचं. शेवटी शेवटी मलाच वाटायला लागलं, सांगितलंच नसेल आपण."

अण्णांचे जांभळे ओठ नुसते हलले. मला वाटलं, आता हे माफी मागतील, रडतील. त्यांनी तसलं काही केलं नाही. ते उठून मास्तरांच्या समोर जाऊन उभे राहिले. मास्तर केवढे उंच आणि अण्णा त्यांच्या छातीएवढे.

"मास्तर, आता सांगा," अण्णा म्हणाले.

"काय सांगू?"

"त्या दिवशी काय सांगत होता ते. पयल्यापासनं."

मास्तरांनी माझ्याकडं पाहिलं, मग अण्णांकडं. मला वाटलं ते पेटी उचलून निघून जातील. त्यांनी घसा साफ केला आणि टेलिफोनवर बोलायचे त्या आवाजात सुरू केलं. "कंट्रोल. मालगाडी बारा एकतीसला आली. मागून चौथा डबा, धुरी तापलीय, धूर निघतोय. गाडी हलू शकत नाही. मेल मागंच धरा, मोठ्या स्टेशनावर. इंजिन पाठवा." 'मेल मागंच धरा' म्हणताना त्यांचा आवाज फाटला, पण त्यांनी वाक्य पुरं केलं.

अण्णा मान खाली घालून, एक हात कानाशी धरून उभे होते. मास्तर थांबल्यावर त्यांनी एकेक शब्द परत म्हणून दाखवला. मालगाडी बारा एकतीस. मागून चौथा डबा. धुरी तापलीय, धूर निघतोय. गाडी हलू शकत नाही. मेल मागंच धरा, मोठ्या स्टेशनावर. इंजिन पाठवा. कुठं एक अक्षर चुकलं नाही.

"बरोबर?" त्यांनी विचारलं.

"बरोबर," मास्तर म्हणाले.

"ऐकलं, मास्तर."

त्यानंतर आठवड्याभरात माझी भुसावळकडं बदली झाली आणि अण्णांना मी पुन्हा पाहिलं नाही. त्या सकाळी मी हातातले चार्ट मेजावर ठेवून बाहेर निघालो. दार ओढताना पाहिलं तर नारायण मास्तरांनी टोपी काढून मांडीवर ठेवली होती आणि ते अण्णांच्या समोरच्या स्टुलावर बसले होते.